काळा भाग

विश्रामबाग, सांगली
९ फेब्रुवारी २०२४

कर्नल मानसिंग शेलार यांस,
सप्रेम नमस्कार.

आपला दूरध्वनी दोनदा येऊन गेला, असे माझ्या मुलीकडून, अबोलीकडून, समजले. मी तो घेतला नाही याबद्दल क्षमस्व. दूरध्वनीवर लोक सांत्वनाचे चार शब्द बोलतात आणि मग थांबतात. त्या थांबण्यात आपण काही बोलावे अशी त्यांची अपेक्षा असते. ते मला जमत नाही. पत्रात ही अडचण येत नाही.

आपण ऐकलेत ते खरे आहे. माझी पत्नी २३ डिसेंबर रोजी निवर्तली. बेंगळुरूची चाचणी आटोपून मी १९ तारखेस घरी पोहोचलो, तेव्हा ती बोलण्याच्या स्थितीत नव्हती. याहून अधिक लिहिण्यासारखे नाही.

पत्राचे मुख्य कारण वेगळे आहे. आपण ज्या चाचणीत वैमानिक म्हणून सहभागी झालात, तिचा अहवाल मी गेल्या आठवड्यात सादर केला. सहभागी व्यक्तीस निष्कर्ष कळवणे हे मी माझे कर्तव्य समजतो. आपणांस स्मरत असेल, बचावकार्याच्या हेलिकॉप्टरांनी धुक्यापावसात, डोंगराळ भागात, जमिनीलगत उडताना रडारचा जो पडदा पाहायचा, त्याची ती सिम्युलेटरवरची, म्हणजे बंद खोलीतल्या कृत्रिम उड्डाणाची, परीक्षा होती. आपल्याहून उंच जमीन लाल, आपल्या पातळीची पिवळी, खालची हिरवी. रडारला पुढच्या डोंगराआडचे काही दिसत नाही, म्हणून तो भाग पडद्यावर काळा राहतो. माझा खरा प्रश्न त्या काळ्या भागापुरता होता. वैमानिक त्याचा अर्थ ‘येथे काय आहे ते ठाऊक नाही’ असा घेतो, की ‘येथे काही नाही’ असा? दुसरा अर्थ घेणारा मनुष्य पहिला डोंगर ओलांडताच उंची सोडतो आणि मागच्या डोंगरावर आदळतो.

सांगण्यास समाधान वाटते, की आपल्यापैकी कोणीही काळ्या भागात उंची सोडली नाही. पडदा सुरक्षित आहे, असे मी लिहिले आहे. पावसाळ्यापूर्वी तो हेलिकॉप्टरांत बसवला जाईल.

हे माझे शेवटचे काम. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

आपला,
अनंत लिमये


मेढा, जि. सातारा
१८ फेब्रुवारी २०२४

आदरणीय लिमये सर,
नमस्कार.

तुमचं पत्र आलं. पोस्टमन म्हणाला, “कर्नल, लय वर्षांनी हातानं लिवलेलं पाकीट आलंय, कोर्टाचं तर न्हाई ना?” सर, नोकरीत सगळं आयुष्य इंग्रजीत रिपोर्ट लिहिण्यात गेलं. मराठीत लिहायला बसलो की घरात बोलतो तसंच येतं. चालवून घ्या.

वहिनींचं ऐकून फार वाईट वाटलं. आपली भेट नव्हती, पण तुम्ही रोज चहाच्या सुट्टीत बाहेर जाऊन फोन करायचात, ते आम्ही खिडकीतनं बघायचो. आमची आई, शालूबाई, पत्र ऐकून म्हणाली, “त्या मास्तरांना लिव, चार दिस हिकडं या म्हणावं. स्ट्रॉबेरी हाय, दूध हाय, आन बोलाय कुणी सांगणार न्हाई.” तेव्हा या सर, खरंच या.

चाचणी पास झाली, लय आनंद वाटला. आता तुम्हाला हसवायला एक गंमत सांगतो. सिम्युलेटरमधल्या तुमच्या त्या ‘भूप्रदेश ख’ला तुम्ही खरं नाव दिलं नव्हतं, पण आम्हाला का कळत नाही व्हय? धुक्याच्या फेऱ्यांच्या आधी तुम्ही आम्हाला स्वच्छ हवेत, खालनंच, नदीच्या वळणापर्यंत एक फेरी मारू दिलीत ना, तेव्हाच ओळखलं मी. ती आमची वेण्णा नदी! तिचं ते वळण, त्यापुढं डोंगराची सोंड आणि सोंडेच्या मागं आमचा सडा, म्हणजे वरचं उंच पठार, जिथं लहानपणी मी गुरं घेऊन जायचो. ती सोंड सड्याच्या निम्मी पण नाही. खालनं बघितलं तर वाटतं, सोंड चढलो की संपलं. नवीन पाव्हणा हमखास फसतो तिथं.

म्हणजे बघा, बेंगळुरूच्या बंद खोलीत बसून मी घरच्या रानातनं उडत होतो. डोळे झाकून सुद्धा आपटलो नसतो!

तब्येतीला जपा.

तुमचा,
मानसिंग


विश्रामबाग, सांगली
२४ फेब्रुवारी २०२४

कर्नल शेलार यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र पोहोचले. आपल्या मातोश्रींस माझा नमस्कार सांगावा. सध्या प्रवास शक्य नाही.

आपण गंमत म्हणून जे लिहिले आहे त्यासंबंधी काही विचारणे भाग आहे. भूप्रदेशाची माहिती आम्ही उपग्रहावरून घेतली होती. तो जावळीचा भाग असल्याचे मला माहीत होते, परंतु सहभागी वैमानिकांत कोणी त्या भागातील असेल हे मी तपासले नाही. आपल्या माहितीपत्रकावर पत्ता पुण्याचा होता.

धुक्यातील फेरीत, पहिली सोंड ओलांडताना आपण उंची कायम ठेवलीत, ती पडद्यावर काळा भाग पाहून, की मागे सडा आहे हे ठाऊक असल्यामुळे? दुसरे असे, की ही ओळख आपण स्वतःपुरती ठेवलीत, की अन्य वैमानिकांशी त्याविषयी काही बोलणे झाले? विश्रामकक्षात ‘चाचणीविषयी आपापसांत चर्चा करू नये’ अशी पाटी मी लावली होती.

कृपया आठवेल तेवढे स्पष्ट लिहावे. यात आपल्यावर कोणताही ठपका नाही.

आपला,
अनंत लिमये


मेढा
३ मार्च २०२४

आदरणीय लिमये सर,

तुमचं पत्र वाचून जरा दचकलो. शाळेत इन्स्पेक्शनला साहेब आल्यासारखं वाटलं.

खरं ते सांगतो. पडद्याकडं मी बघत होतो, पण सोंड आली तेव्हा पडदा बघून थांबलो नाही. मला माहीत होतं मागं काय आहे. हात आपोआप तिथंच राहिला.

आणि दुसरं. हो, बोललो. पहिला नंबर माझाच होता. बाहेर आलो तर आमच्यातला दुसरा वैमानिक, वीरधवल, चहा घेत बसलेला. तो म्हणाला, “काय रं मान्या, कसं हाय आत?” मी म्हणालो, “झकास हाय. फक्त नदीच्या वळणानंतर सोंड येतीया, ती पार केली की लगेच खाली लवू नगंस. मागं आणिक मोठा डोंगर हाय, पडद्यावर दिसत न्हाई.” तो म्हणाला, “बरं झालं सांगितलंस गड्या, न्हाईतर फुकट मेलो असतो.” मग तो आत गेला, बाहेर येऊन त्यानं पुढच्याला सांगितलं. असं शेवटपर्यंत चाललं असणार.

सर, तुमची पाटी आम्ही वाचली होती. तिच्याखालीच खुर्च्या होत्या ना! वीरधवल तर तिला टोपी अडकवायचा. पण तुम्हाला एक सांगतो. वैमानिक खाली उतरला की वर जाणाऱ्याला धोका सांगतो. तारा कुठं आहेत, वारं कुठं फिरतंय, कुठल्या खिंडीत ढग बसलाय. पुराच्या वर्षी पलूसकडं आम्ही उडत होतो तेव्हा विजेच्या खांबांची जागा एकमेकांना अशीच तोंडी सांगितली. न सांगणारा माणूस आमच्यात चालत नाही. तिथं खोलीत बसून, परीक्षा आहे म्हणून गप्प बसायचं, हे डोक्यातच आलं नाही.

यानं काही बिघडलं का?

मानसिंग


मेढा
१४ एप्रिल २०२४

लिमये सर,

सहा आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. फोन तुम्ही घेत नाही. मग अबोलीताईंना केला. त्या म्हणाल्या, बाबा बेंगळुरूला गेलेत, का ते सांगितलं नाही.

मी काय लिहिलं त्याचा मी लय विचार केला. सर, माझं ऐका. रिपोर्ट राहू द्या. पडदा चांगलाच आहे. रंग स्पष्ट आहेत, पहिल्यापेक्षा शंभर पटीनं बरा. एवढा मोठा घाव सोसून तुम्ही तो पूर्ण केलात. आता तो उकरून कुणाचं भलं होणार? वैमानिक शहाणे असतात, काळ्यात कोण उडी मारतंय?

माझ्या बोलण्यानं तुम्हाला त्रास झाला असेल तर माफी असावी. पण एक ओळ तरी लिहा.

तुमचा,
मानसिंग


विश्रामबाग, सांगली
२ मे २०२४

प्रिय कर्नल शेलार,
सप्रेम नमस्कार.

उत्तरास विलंब झाला. मी बेंगळुरूस जाऊन सर्व नोंदी पुन्हा पाहिल्या.

आपण विचारले होते, काही बिघडले का. बिघडले. आपल्या पहिल्या फेरीनंतर प्रत्येक वैमानिकाने सोंडेवर एकाच ठिकाणी, एकाच प्रकारे उंची राखली आहे. नव्या पडद्यावर राखली, आणि तुलनेसाठी घेतलेल्या जुन्या पडद्यावरील फेरीतही राखली. जुन्या पडद्यावर तर डोंगराआडचा, सावलीचा भाग धड ओळखूही येत नाही. दोन भिन्न पडद्यांनी एकच निकाल दिला, तर निकाल पडद्याचा नसतो. पदवीच्या विद्यार्थ्यालाही हे दिसायला हवे. डिसेंबरमध्ये मी ते पाहिले होते आणि ‘वैमानिक अनुभवी असल्याने’ एवढे लिहून पुढे गेलो होतो.

वैमानिकांनी धोका सांगितला, पडद्याने नाही. जे हेलिकॉप्टर यंदा पावसाळ्यात एखाद्या अनोळखी खोऱ्यात शिरेल, त्याच्या वैमानिकाला चहा पिता पिता धोका सांगणारा कोणी भेटणार नाही.

आपण लिहिता, काळ्यात कोण उडी मारेल. माझाही समज तोच होता. म्हणून आपणांस एक गोष्ट सांगतो. ती मी कोणास सांगितलेली नाही. बेंगळुरूहून मी रोज साडेचार वाजता घरी फोन करीत असे. पत्नी म्हणे, “आज पेज घेतली. बरी आहे. तुमचं काम कुठवर आलं?” वेदनेविषयी ती बोलत नसे. दवाखान्याविषयी बोलत नसे. ती बोलत नाही, अर्थात तसे काही नाही, असे मी धरून चाललो. अबोली आता सांगते, की शेवटच्या आठवड्यात फोन धरण्यासाठी आईच्या हाताला आधार द्यावा लागे. मला कळवायचे नाही, अशी तिने अबोलीला शपथ घातली होती. माणसाचे लक्ष जेथे काही दिसते तेथे जाते, हे मी आयुष्यभर इतरांना शिकवले. जेथे काही दिसत नाही, ते आपण रिकामे समजतो. वैमानिक याला अपवाद असतील, असे मानण्यास मला आधार नाही.

पूर्वीच्या प्रत्येक चाचणीत विश्रामकक्षात मी स्वतः बसत असे. दोन वैमानिक एकत्र आले, की हवापाण्यावर बोलत असे, त्यांना कंटाळा येईपर्यंत. या वेळी त्याच सुट्टीत मी बाहेर फोनवर असे, म्हणून पाटी लावली.

अहवाल राहू द्या, असे आपण मायेने लिहिले आहे हे मी जाणतो. तो राहावा असे मलाही वाटते. आपल्यापेक्षा अधिक वाटते. ते तीन आठवडे मी तिच्यापासून दूर कशासाठी होतो, या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होते. तो अहवाल. तो मागे घेतला की उत्तरही राहत नाही. हे लिहिण्यास मला पाच आठवडे लागले.

काल मी चाचणी करवून घेणाऱ्या संस्थेला कळवले, की निष्कर्ष मागे घेतो आहे व चाचणी नव्या खोऱ्यावर, नव्या वैमानिकांसह पुन्हा व्हावी. संचालक प्रसन्न नाहीत. हेलिकॉप्टरांत पडदे बसवण्याचा दिवस ठरलेला आहे.

आपला,
अनंत लिमये


मेढा
११ मे २०२४

आदरणीय सर,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा दीपमालाला, म्हणजे मंडळींना, वाचून दाखवायला लागलो आणि अर्ध्यात तिच्याच हातात दिलं. मला पुढं वाचवेना. त्यात मी तुम्हाला लिहिलं होतं की रिपोर्ट राहू द्या. काय अक्कल माझी.

संस्थेतनं मला फोन आला होता. गोड बोलत होते. म्हणाले, “कर्नलसाहेब, लिमये सरांची मनःस्थिती ठीक नाही. वैमानिकांनी आपापसांत चर्चा केलीच नाही असं तुम्ही लिहून दिलंत, तर विषय इथंच मिटेल. नव्या पडद्याच्या ट्रेनिंगला तुमचंच नाव आहे.” सर, लालूच बघा कशी असती. दोन वर्षं झाली, हेलिकॉप्टरच्या जवळ गेलो नाही. डोक्यावरनं एखादं गेलं तर वाफ्यात खुरपं टाकून वर बघत बसतो. आई म्हणते, “आरं, तुझं कायतरी मागं राहिलंय का काय त्यात?”

मी त्यांना म्हणालो, “खोटं लिहून देणार नाही. चर्चा झाली, सुरुवात मी केली.” तर लगेच सूर बदलला. मग म्हणाले, “ठीक आहे, वैमानिकांनी शिस्त मोडली म्हणून चाचणी रद्द, असं लिहावं लागेल.”

तेव्हा सर, तसंच लिहा. माझं नाव घाला. माझं काय जाणार आहे? रिटायर माणूस, रान आहे, गुरं आहेत. ट्रेनिंगचं गेलंच आहे. तुमची मात्र आयुष्यभराची इज्जत आहे. शेवटच्या कामावर डाग नको. पडदा थांबला म्हणजे झालं, दोष कुणाच्या का खात्यावर जाईना.

आणि दुसरी चाचणी घ्याल तेव्हा मला बोलवा. या वेळी तोंडाला कुलूप लावून बसतो.

तुमचा,
मानसिंग


विश्रामबाग, सांगली
२१ जून २०२४

प्रिय मानसिंगराव,
सप्रेम नमस्कार.

दुसरी चाचणी गेल्या आठवड्यात पार पडली. आपणांस बोलावता आले नाही. काळ्या भागात काय असते हे आता आपणांस ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असलेला मनुष्य मला उपयोगाचा नव्हता. गैरसमज नसावा.

या वेळी प्रत्येक वैमानिकासाठी वेगळी खोली होती. बाहेरच्या बाकावर मी बसलो. एक वैमानिक बाहेर येताना पुढच्याकडे पाहून तोंड उघडू लागला. मी उठून त्याच्याशी बेंगळुरूच्या वाहतुकीविषयी बोलू लागलो. तो मला विक्षिप्त समजला असावा.

निकाल असा. पहिली सोंड ओलांडल्यावर बहुतेकांनी काळ्या भागात उंची सोडली व ते मागच्या डोंगरावर आदळले. नव्या पडद्यावर अधिक आदळले, कारण त्यातील लाल-हिरवा इतका स्पष्ट आहे, की उरलेल्या जागेची शंकाच येत नाही. ही सर्व माणसे सिम्युलेटरमधून स्वतःच्या पायांनी बाहेर आली. एकाने मला विचारले, “सर, तिथं काहीच नव्हतं ना?” नियमानुसार मी उत्तर देऊ शकत नव्हतो. मी त्याला पाणी दिले.

पडदे यंदा बसणार नाहीत. सावलीच्या भागावर जाड आडव्या रेघा आखून, तेथील माहिती नाही हे दाखवणारा नवा नमुना तयार होईल, व त्याची चाचणी दुसरे कोणी घेईल. मी थकलो आहे. संचालकांनाही ते मान्य आहे. यावर आमचे प्रथमच एकमत झाले.

आता आपल्या प्रस्तावाविषयी. रद्दीकरणाच्या मसुद्यात त्यांनी लिहिले होते, ‘सहभागी वैमानिकांकडून सूचनांचे उल्लंघन’. मी ते खोडले. पुढच्या माणसाला धोका सांगणे हे उल्लंघन ठरवणारा अहवाल माझ्या सहीने जाणार नाही. माणसे गप्प बसतील या भरवशावर चाचणी मांडणे, ही चूक मांडणाऱ्याची असते. तेव्हा आपले नाव त्यात नाही, आणि आपण ते देऊ केलेत हे मी विसरणार नाही.

त्या जागी मी लिहिले: ‘विश्रामकक्षात परीक्षक उपस्थित नव्हता. परीक्षकाची पत्नी मृत्युशय्येवर होती व त्या वेळी तो तिच्याशी बोलत होता.’

संचालक म्हणाले, “लिमये, पहिलं वाक्य पुरेसं आहे. दुसरं तांत्रिक नाही.”

मी म्हणालो, “कारण दुसऱ्यातच आहे. राहू द्या.”

त्यांनी सही केली.

घरी आल्यावर तो परिच्छेद मी अबोलीला वाचून दाखवला. ती काही वेळ बोलली नाही. या खेपेस मी तिला विचारले, की काय झाले. ती म्हणाली, “बाबा, आईचं नाव घालायचं होतं.”

अहवालात खाजगी व्यक्तींची नावे घालत नाहीत, असे मी तिला सांगितले, व ते खरेही आहे. पत्राला तो नियम नाही. पहिल्याच पत्रात आपण तिला वहिनी म्हटलेत, पण इतक्या महिन्यांत नाव मात्र मी आपणांस कधी कळवले नाही. तिचे नाव अनसूया होते.

आपला,
अनंत